विश्लेषण : सभा मोबाइलवर, सेवा रस्त्यावर! ऑनलाइन सेवा क्लब चालतात कसे? ठाणे, कल्याण-डोंबिवलीकरांना त्यांचा उपयोग किती?

डोंबिवलीहून धीमी लोकल पकडली तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायला सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो. फोर्टातले ऑफिस सहाला सुटले, तरी गर्दी, जिना आणि रिक्षाची रांग पार करून घरी पोहोचेपर्यंत आठ वाजून जातात. अशा माणसाला ‘बुधवारी संध्याकाळी सातला हॉलमध्ये क्लबची सभा आहे, या’ असे सांगण्यात अर्थ नसतो. समाजासाठी काही करायची इच्छा असलेले लोक या पट्ट्यात कमी नाहीत. त्यांच्याकडे संध्याकाळच नसते. म्हणूनच ऑनलाइन भरणाऱ्या सेवा क्लबांची कल्पना इथल्या नोकरदारांना जवळची वाटते. पण मोबाइलवर सभा घेऊन समाजसेवा होते का, त्यासाठी पैसे किती लागतात आणि ते जातात कुठे, हे आधी समजून घ्यायला हवे.

ऑनलाइन सेवा क्लब म्हणजे काय?

रोटरी, लायन्ससारख्या संस्थांची रचना क्लबांची असते. वीस-पंचवीस ते शंभरएक सभासद, अध्यक्ष, सचिव, खजिनदार, ठरावीक दिवशी सभा आणि वर्षभरात काही सेवा प्रकल्प. ऑनलाइन क्लबमध्ये हे सगळे तसेच राहते. फरक एवढाच की, सभा हॉटेलच्या हॉलऐवजी झूम किंवा गुगल मीटवर होते. वर्गणी, निवडणूक, इतिवृत्त, हिशेब यांतले काहीच सुटत नाही.

सोसायटीचा किंवा शाळेच्या जुन्या मित्रांचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे असा क्लब नव्हे. ग्रुपमध्ये मदतीचे आवाहन येते, चाळीस जण हात जोडल्याचे चिन्ह टाकतात आणि विषय वर सरकतो. क्लबमध्ये ते काम कोणाच्या तरी नावावर लिहिले जाते आणि पुढच्या सभेत त्या माणसाला ‘काय झाले?’ असे विचारले जाते. सगळा फरक या प्रश्नात आहे.

ही कल्पना आली कुठून?

रोटरीची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत झाली. वकील पॉल हॅरिस आणि त्यांचे मित्र आळीपाळीने एकमेकांच्या कार्यालयात भेटत, म्हणून नाव रोटरी. पुढे शंभर वर्षे ‘दर आठवड्याला समोरासमोर भेटायचे’ हा या संस्थेचा कणा होता. हजेरीचे नियम कडक होते. सभा चुकली तर आधीच्या किंवा नंतरच्या १४ दिवसांत दुसऱ्या क्लबच्या सभेला जाऊन ती भरून काढावी लागे.

पहिला ई-क्लब जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोत सुरू झाला. तेव्हा झूम नव्हते आणि बहुतेक घरांत इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचे. त्यामुळे सुरुवातीचे ई-क्लब म्हणजे व्हिडीओ सभा नव्हत्या. क्लबच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचा मजकूर टाकला जाई. सभासदाने सवडीने साधारण अर्धा तास तो वाचायचा, प्रतिक्रिया नोंदवायची आणि हजेरीचा फॉर्म भरायचा. ‘सभा’ आठवडाभर उघडीच असे.

काही वर्षांच्या प्रयोगानंतर २०१० मध्ये रोटरीच्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनने, म्हणजे दर तीन वर्षांनी नियम ठरवणाऱ्या परिषदेने, ई-क्लबांना कायम मान्यता दिली. सुरुवातीला एका डिस्ट्रिक्टमध्ये दोनच ई-क्लबांना परवानगी होती. मोठा बदल झाला तो २०१६ मध्ये. कोणत्याही क्लबने प्रत्यक्ष, ऑनलाइन किंवा मिश्र पद्धतीने भेटावे, महिन्यातून किमान दोन सभा घ्याव्यात, अशी मोकळीक परिषदेने दिली. तेव्हापासून ‘साधा क्लब’ आणि ‘ई-क्लब’ यांच्यातली भिंत जवळपास उरलेली नाही.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत याची चर्चा का?

संस्था काढून चालवण्याची सवय या शहरांना जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीतून राज्यभर गेली. रोटरीच्या रचनेत ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, पालघर हा भाग डिस्ट्रिक्ट ३१४२ मध्ये येतो आणि तिन्ही शहरांत रोटरी-लायन्सचे अनेक क्लब आहेत.

मात्र शहर वाढले तसा माणसांचा दिवस लोकलने खाल्ला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारात उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्याच दिवशी चौघांचा मृत्यू झाला. त्या गर्दीतून रोज सुखरूप घरी येणे हेच ज्याच्यासाठी संध्याकाळचे काम आहे, तो क्लबच्या सभेसाठी पुन्हा बाहेर पडत नाही. परिणामी प्रत्यक्ष भेटणाऱ्या क्लबांत स्थानिक डॉक्टर, व्यापारी, वकील, बांधकाम व्यावसायिक आणि निवृत्त मंडळी सहज टिकतात, तर बँकेतला कारकून, आयटीतली मुलगी किंवा मंत्रालयातला कर्मचारी बाहेर राहतो. यात कोणाचा कावा नाही. वेळापत्रकानेच ही निवड केलेली असते.

मग करोना आला. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या. जूनमध्ये त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या, पण लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या सर्वसामान्यांना प्रवासाची मुभा मिळायला १५ ऑगस्ट २०२१ उजाडला. या काळात क्लबांपुढे ऑनलाइन सभेशिवाय पर्याय नव्हता. ज्येष्ठ सभासद म्यूट-अनम्यूट शिकले. ‘तुमचा आवाज येत नाहीये’ हे त्या वर्षाचे ब्रीदवाक्यच झाले म्हणा. निर्बंध उठल्यावर बरेच जण हॉलमध्ये परतले, पण महिन्यातली निदान एक सभा ऑनलाइन ठेवता येते, हे सगळ्यांना कळून चुकले.

महिलांच्या दृष्टीने हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. रोटरीने जगभरातील क्लबांची दारे महिलांना उघडली ती १९८९ मध्ये, त्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल लागला. नियम बदलला तरी घरच्या कामाची वाटणी बदलली नाही. रात्री नऊची ऑनलाइन सभा नोकरदार महिलेला जमते. अर्थात बऱ्याचदा कॅमेरा बंद असतो आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. हजेरीपटावर ती ‘उपस्थित’ असते, पण चर्चेत तिचे मत किती येते, हे अध्यक्षाने जाणीवपूर्वक पाहावे लागते.

सभा प्रत्यक्षात चालते कशी?

झूमच्या मोफत खात्यावर गटाची सभा ४० मिनिटांत बंद पडते. गुगल मीटवर ही मर्यादा ६० मिनिटांची आहे. त्यामुळे बरेच गट पैसे भरण्याऐवजी सभाच आटोपशीर ठेवतात, आणि ही मर्यादा फायद्याचीच ठरते. विषयपत्रिका दोन दिवस आधी ग्रुपवर येते. पहिली पाच मिनिटे मागील कामांचा आढावा, मग एखाद्या पाहुण्याचे वीस मिनिटांचे बोलणे, मग पुढच्या प्रकल्पाचा निर्णय. पाहुणा पुण्याहून, नागपूरहून किंवा लंडनहून बोलू शकतो. त्याच्या प्रवासाचा, पुष्पगुच्छाचा आणि जेवणाचा खर्च वाचतो.

सचिवाचे काम मात्र वाढते. हॉलमध्ये कोण आले हे दिसते. ऑनलाइनमध्ये ‘रेडमी नोट’ नावाने आलेला सभासद कोण, हे शोधावे लागते. मतदान असेल तर एका घरातून एकाच मोबाइलवर बसलेल्या पती-पत्नीची दोन मते कशी मोजायची, हे नियमांत आधीच लिहून ठेवलेले बरे. रेकॉर्डिंग करायचे असेल तर सुरुवातीलाच सांगायला हवे.

सभा ऑनलाइन, पण कामाचे काय?

खरी कसोटी इथे आहे. रोटरीचे जगभर सर्वाधिक नाव झाले ते पोलिओच्या कामामुळे. १९८५ मध्ये तिने पोलिओ निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. यात सरकारी यंत्रणा, आशा सेविका आणि स्वयंसेवक दारोदार गेले होते. बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकायला कोणीतरी जिना चढावाच लागतो.

जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. सुमारे हजार प्रवाशांच्या सुटकेसाठी एनडीआरएफ, नौदल यांच्यासोबत आसपासचे गावकरीही धावले होते. अशा वेळी ऑनलाइन क्लब फार तर फोन करू शकतो. त्याची ताकद तातडीच्या कामात नाही. ती आहे दीर्घकाळ, नियमित आणि नोंद ठेवून करायच्या कामात.

रक्तदानाचेच पाहा. शिबिर म्हटले की मंडप, बॅनर, नेत्यांचे फोटो आणि एका दिवसात दोनशे बाटल्या असे चित्र असते. पण तांबड्या पेशी साठवणुकीच्या पद्धतीनुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. एकाच रविवारी ढीगभर रक्त जमा झाले आणि पुढचा महिना कोरडा गेला, तर रुग्णाच्या नातेवाइकांची धावपळ थांबत नाही. मे महिन्यात कॉलेजे बंद आणि लोक गावी गेलेले, तेव्हा रक्तपेढ्यांत चणचण जाणवते. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की प्लेटलेट्सची मागणी चढते.

आता गणित मांडू. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचे अंतर ठेवावे लागते, महिलेला १२० दिवसांचे. समजा क्लबकडे २६ पुरुष रक्तदाते आहेत. दर आठवड्याला दोघांनी रक्तदान केले, तर १३ आठवड्यांत सगळ्यांची फेरी पूर्ण होते. १३ आठवडे म्हणजे ९१ दिवस, म्हणजे पहिल्या दोघांची पाळी पुन्हा आलेली असते. महिला सभासदांसाठी हीच फेरी १८ आठवड्यांची करायची. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ या अटी प्रत्येक वेळी रक्तपेढीत तपासल्या जातात. यासाठी मंडप लागत नाही, एक ऑनलाइन तक्ता आणि गुरुवारी आठवण करणारा सभासद पुरतो. रक्तदाता ठाण्याचा असेल तर ठाण्यात, कल्याणचा असेल तर कल्याणमध्ये जातो. कोणत्या पेढीत कोणता गट किती आहे, हे केंद्र सरकारच्या ई-रक्तकोश पोर्टलवर पाहता येते. या कामात फोटो काढण्यासारखे काही नसते, म्हणूनच ते कमी होते.

दुसरे काम शिकवण्याचे. शहापूर, मुरबाड हे तालुके ठाणे जिल्ह्यातच आहेत. भातसा, तानसाच्या धरणांतून मुंबईला पाणी पुरवणाऱ्या शहापूरमध्ये उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर जातो. अशा भागातील शाळेत आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषण किंवा गणिताचा ऑनलाइन तास घेता येतो. पण नेटवर्क, वीज आणि स्क्रीन यांची खात्री शाळेतल्या शिक्षकांशी आधी बोलूनच करावी लागते. पहिल्या महिन्यात सहा उत्साही सभासद असतात, परीक्षेच्या तोंडावर एकच उरतो. मुले मात्र त्या वेळी वाट पाहत बसलेली असतात. म्हणून ‘किती तास घेणार’ यापेक्षा ‘किती महिने घेणार’ हे ठरवून मगच शाळेला शब्द द्यावा.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके आवाजात ध्वनिमुद्रित करणे हे तर पूर्णपणे घरबसल्या होणारे काम आहे. परीक्षेला लेखनिक देणे मात्र प्रत्यक्षच करावे लागते. त्यातही बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. म्हणजे इथे सभासदाच्या इंजिनीअरिंगच्या पदवीपेक्षा त्याची नववीतली मुलगी अधिक कामाची! बेरोजगार तरुणांच्या सराव मुलाखती, ज्येष्ठांना यूपीआय आणि ऑनलाइन फसवणुकीबद्दल समजावणे, बायोडेटा तपासून देणे ही कामेही मोबाइलवर होतात.

थोडक्यात, रात्री नऊला निर्णय व्हावा आणि रविवारी सकाळी निदान पाच जण ठरल्या जागी उभे राहावेत, एवढी यंत्रणा ज्या क्लबकडे आहे तोच चालतो. सभासद ठाणे ते बदलापूर असे पसरलेले असतील तर प्रत्येक स्थानकामागे दोन-तीन नावे पक्की असावी लागतात.

खर्च किती?

रोटरीच्या सभासदाला आंतरराष्ट्रीय संस्थेची वर्गणी द्यावी लागते. २०२५-२६ या वर्षासाठी ती ८२ डॉलर, म्हणजे सात हजार रुपयांच्या घरात आहे. त्यावर डिस्ट्रिक्टची आणि क्लबची वर्गणी वेगळी. ऑनलाइन क्लबमध्ये हॉल आणि जेवणाचा खर्च वाचत असल्याने क्लबची वर्गणी कमी ठेवता येते, पण आंतरराष्ट्रीय वर्गणीत सवलत नसते. तरुणांसाठीच्या रोटरॅक्टची आंतरराष्ट्रीय वर्गणी बरीच कमी आहे. कॉलेजच्या क्लबला माणशी पाच, तर वस्तीतील क्लबला आठ डॉलर. रोटरॅक्टसाठी वय किमान १८ हवे. तिथली तिशीची अट २०२० मध्ये काढून टाकण्यात आली.

देणगी देताना काय पाहावे?

ऑनलाइन क्लबमध्ये माणसे एकमेकांना क्वचित भेटतात, त्यामुळे पैशांच्या बाबतीत काटेकोरपणा जास्त हवा. अध्यक्षाच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर यूपीआय करायला सांगितले जात असेल, तर हेतू कितीही चांगला असला तरी थांबावे. पैसे संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच जायला हवेत. बरेच क्लब सेवा प्रकल्पांसाठी वेगळा सार्वजनिक न्यास नोंदवतात. त्याचा नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नये.

‘८०जी ची पावती मिळेल’ या वाक्यातही बारकावे आहेत. न्यासाला ही मान्यता असेल तरच सवलत मिळते. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ती नाहीच, जुनी प्रणाली निवडणाऱ्यांनाच उपयोग. शिवाय साधी पावती पुरेशी नसते, संस्थेकडून फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र यावे लागते. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत ते देणे अपेक्षित असते.

परदेशातील नातेवाईक हा ऑनलाइन क्लबांमधला खास मुद्दा. डोंबिवलीतल्या असंख्य घरांतली मुले अमेरिकेत, जर्मनीत किंवा आखातात आहेत आणि सभेची लिंक त्यांनाही जाते. ‘दादा, आम्हीही पैसे पाठवतो’ असे कोणी म्हटले, तर आधी त्याचे नागरिकत्व विचारावे. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. पण तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड असले तरी, ती परकीय देणगी ठरते आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच स्वीकारता येते. भाऊ-बहिणीच्या प्रेमापोटी आलेले दहा हजार रुपये छोट्या संस्थेला अडचणीत आणू शकतात.

फोटोंचे काय?

ऑनलाइन क्लबला आपण काम केले हे दाखवायचा मोह अधिक असतो, कारण सभासदांनी ते पाहिलेलेच नसते. मग वह्या घेताना खाली पाहणाऱ्या मुलांचे फोटो शाळेच्या नावासह समाजमाध्यमांवर जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या मुलाचा असा फोटो चालेल का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे. वह्यांच्या गठ्ठ्याचा आणि बिलाचा फोटोही हिशेबाला पुरतो. मुलांच्या ऑनलाइन तासाला एकट्या सभासदाने बसू नये, शाळेचे शिक्षक किंवा दुसरा सभासद सोबत असावा.

सामील व्हायचे असेल तर?

रोटरीचा नवा क्लब सुरू करायला किमान २० सभासद लागतात. तेवढे नसतील तर चालू क्लबच्या छत्राखाली आठ जणांचा सॅटेलाइट क्लब काढता येतो. आपल्या वेळेत, आपल्या पद्धतीने भेटायची त्याला मुभा असते. एकाच कंपनीच्या बसने किंवा एकाच डब्यातून रोज जाणारे आठ जण सापडणे डोंबिवलीत फारसे कठीण नसावे.

त्याआधी पाहुणे म्हणून दोन-तीन सभांना बसावे. बहुतेक क्लब त्याला नाही म्हणत नाहीत. मागील वर्षाचा हिशेब मागावा, किती सभासद सभेला असतात आणि किती प्रकल्पाच्या ठिकाणी येतात, हे दोन आकडे वेगवेगळे विचारावेत. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते, तेव्हाच नवे पदाधिकारी सूत्रे घेतात आणि वर्षभराचे प्रकल्प ठरतात. त्यामुळे चौकशीसाठी मे आणि जून हे महिने सोयीचे. आणि हो, लोकलमधून सभेला हजर राहायचे असेल तर हेडफोन लावावा.